न धुतलेल्या रोलचा डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, उगाच वास घेऊ नका. फोटोचा रोल धुवायचा डबा. काळा, बुटका, प्लास्टिकचा, डोक्यावर नरसाळ्यासारखं झाकण. हल्ली मला बघितलं की लोक विचारतात, "हे काय, पेनं ठेवायचं का?" ठेवा बापडे. तेही करून झालंय माझं.

खरं सांगू का, बोलायचाही आता कंटाळा येतो. या वयात उलथंपालथं व्हायचं, पोटात आंबट पाणी घ्यायचं, परत ओकायचं, हे काय सोपं आहे? पण मागच्या महिन्यात या घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्यातला बराचसा भाग अंधारात झाला आणि अंधारातलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

आधी माझं घराणं सांगतो. आम्ही चौघं. बाहेरचा मी, वरचं झाकण, आत रोल गुंडाळायची चक्री आणि चक्रीच्या मधोमध उभी राहणारी एक पोकळ नळी. ही नळी दिसायला अगदीच फालतू. नव्या माणसाला वाटतं, चुकून जास्तीची आली असेल. पण ती माझा कणा आहे. न धुतलेल्या रोलला उजेडाचं वावडं, नुसता दिवा लागला तरी त्याच्यावरचं सगळं पुसून जातं. माझ्या झाकणाला पाणी ओतायला भोक आहे. त्या भोकातून पाणी आत जातं आणि उजेड मात्र बाहेरच राहतो, तो या नळीच्या कृपेने. ती नसली तर मी कसला डबा, नुसतं डबडं.

माझे मालक पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामावर होते. दिवसभर लोकांचे पत्ते वाचायचे आणि रविवारी बायकोचे फोटो काढायचे. त्यांनी मला घरी आणलं त्याला कारण बाजारातली फोटो लॅब. लेक वर्षाची झाली तेव्हा मालकांनी तिच्या पहिल्या वाढदिवसाचा रोल तिथे धुवायला टाकला. पाकीट घरी आलं, उघडलं, तर आत भलतंच कुटुंब! सगळे मिळून होडीत बसलेले आणि पुढे एक जाडजूड गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेले. मालक तावातावाने लॅबमध्ये गेले. लॅबवाला म्हणाला, "पाकिटावर नंबर तुमचाच आहे साहेब, आता मी काय करू?"

बाई, म्हणजे मालकांची बायको, आधी पोट धरून हसल्या. मग रडल्या. मग त्यांनी त्या झोपलेल्या गृहस्थांचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणायच्या, "बिचारा! याची बायको कुठेतरी माझं बाळ बघत बसली असेल."

मालकांनी कानाला खडा लावला आणि मला विकत आणलं. तेव्हापासून या घरातला एकही रोल बाहेर गेला नाही.

आमचं काम रविवारी दुपारी, बाथरूममध्ये. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला टॉवेल. मालक अंधारात रोल चक्रीवर चढवायचे, चक्री माझ्या पोटात, झाकण घट्ट, की मग दिवा. पुढचं खातं बाईंचं. पालथ्या बादलीवर बसून त्या मला मांडीवर घ्यायच्या. मालक आत डेव्हलपर ओतायचे, म्हणजे चित्र वर आणणारं पाणी, आणि बाई मला थोड्या थोड्या वेळाने उलटंसुलटं करायच्या. उलटं केलं की खाली टेकवताना दोनदा टकटक. आतले बुडबुडे निघावेत म्हणून.

घड्याळ मालकांच्या हातात असायचं, पण बघायचं कोण? वेळ मोजली जायची बाईंच्या गप्पांवर. वरच्या मजल्यावरच्या सासू-सुनेचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून झालं की डेव्हलपर ओतून टाकायचा. मग फिक्सर, म्हणजे वर आलेलं चित्र पक्कं करणारं पाणी. त्याला शेजारच्या मास्तरांच्या मेहुण्याची भानगड पुरायची. एकदा भांडण भलतंच रंगलं आणि मालकही "मग? मग काय म्हणाली ती?" करत बसले. तो रोल इतका जास्त शिजला की फोटोत सगळ्यांचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरेफटक आले. बाई म्हणाल्या, "असू दे, आपल्यापैकी गोरं कोणी नव्हतंच."

दाराबाहेर छोटी लेक. "झालं का? उघडू का?" आणि आतून दोघांचं एकदम, "नाही!"

माझे सुखाचे दिवस तेच. मग घराघरात फोन आले, फोनमध्ये फोटो आले, आणि मला कोणी विचारेना. लेक कॉलेजात होती तेव्हा तिच्या टेबलावर मी पेनं सांभाळली. माझी चक्री खिडकीत लोंबायची आणि नळी कुठल्या तरी खणात पडून असायची. तक्रार नाही. प्रत्येकाचा दिवस असतो, माझा मावळला होता.

पुढे बाई आजारी पडल्या. तो आजार कोणता ते मला कळलं नाही, पण त्यांचे केस गेले आणि घरात सगळे हळू बोलायला लागले. एकट्या बाई तेवढ्या पहिल्यासारख्याच मोठ्याने बोलत. केस परत बोटभर वाढले तेव्हा एक दिवस त्या मालकांना म्हणाल्या, "अहो, तो जुना कॅमेरा काढा. माझे फोटो काढा."

"फोनवर काढतो ना."

"फोन नको. त्यात मी लगेच दिसते. मला जरा थांबून दिसायचंय."

मालकांनी कुठून तरी रोल मिळवला. घरभर फोटो काढले, रोल संपला. तेव्हा बाईंनी बजावलं, "आता हा धुवायचा नाही. मी बरी झाले की मीच बसणार बादलीवर. तोवर हात लावाल तर बघा."

बाई बऱ्या झाल्या नाहीत.

त्या गेल्यावर पाहुणे-रावळे आपापल्या घरी परतले. मग मालकांनी माझे सगळे अवयव गोळा केले, नळीसुद्धा शोधून काढली. तो रोल त्याच्या छोट्या डबीसकट माझ्या पोटात ठेवला, झाकण लावलं आणि मला माळ्यावर टाकलं. तिथे मी पडून होतो. एका बाजूला बिघडलेली इस्त्री, दुसऱ्या बाजूला मूठ तुटलेली बॅग. उन्हाळ्यात वर अशी धग असायची की विचारू नका. मला माझं काही नव्हतं, मी प्लास्टिक. पण धगीने जुने रोल आतल्या आत काळवंडतात, हे मला ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात वाटायचं, बाई चालल्या. थोड्या थोड्या, माझ्याच पोटात बसून चालल्या, आणि मला साधी हाकही मारता येत नाही. त्या वर्षांनी मला जेवढं थकवलं तेवढं सगळ्या रविवारांनी मिळून थकवलं नव्हतं.

मालकांना रोल आठवत नव्हता असं नाही. लख्ख आठवत होता. पण धुतला की बाईंचा शब्द मोडला, आणि न धुतला की निदान काहीतरी शिल्लक आहे. असं ते भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून राहिलं.

मग मालकांचे डोळे गेले. पूर्ण नाही. विचित्रच दुखणं, नजरेचा नेमका मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं होतं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानापलीकडे बघावं लागतं. दूधवाला एकदा मागे वळून बघायला लागला, आपल्या पाठीमागे कोण उभं आहे म्हणून! आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचलेल्या माणसाला आता स्वतःच्या दारावरची पाटी वाचता येईना. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं की कडाही हळूहळू जातील. किती दिवस आहेत ते सांगता येत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मालक म्हणाले, "माळ्यावरून डबा काढ."

लेक आता मोठी झालीय, नोकरी करते, घर तीच चालवते. तिने मला खाली काढलं, पुसलं, झाकण उघडलं, डबी बघितली आणि बाहेर काढून कानाशी हलवली. रोल आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"हा आईचा?"

"तिचाच."

"आणि तुम्ही इतकी वर्षं...!" तिने डबी घट्ट मुठीत धरली. मग लगेच म्हणाली, "उद्याच लॅबमध्ये देते."

"लॅब नाही. घरी धुवायचा."

झालं, ठिणगी पडली. लेक तरी काय चुकीचं बोलत होती? मला दोन्ही बाजू पटत होत्या, हीच तर पंचाईत. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसत नाही. चहाचा कप धरलात तर बशीत सांडतो. रोल एकदाच धुता येतो. बिघडला तर आई परत येणार आहे का फोटो काढून घ्यायला?"

मालक म्हणाले, "आणि तिथे हरवला तर? तुझा पहिला वाढदिवस कोणाच्या घरी आहे, सांग बघू."

"ते तेव्हाचं. दुधाने तोंड पोळलं म्हणून तुम्ही जन्मभर ताकच फुंकत बसलात."

तरी ती लॅबमध्ये चौकशीला जाऊन आली. माणूस भला होता म्हणे. त्याने खरं तेच सांगितलं, की इतका जुना रोल आम्ही इथे धुत नाही, दुसऱ्या गावी पाठवतो. महिना-दीड महिना लागेल. सगळ्यांबरोबर एकाच मापाने धुतला जाईल. आलं तर आलं. स्कॅन करून फोटो फोनवर पाठवू.

"आणि निगेटिव्ह?" लेकीने विचारलं होतं.

"ती हल्ली कोणी मागत नाही. आम्ही टाकून देतो. तुम्हाला हवी असली तर आधी सांगून ठेवा."

हे तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. लपवता आलं असतं, पण लपवलं नाही. पोरगी आईवर गेलीय, पोटात काही राहत नाही.

"टाकून देतात," मालक एवढंच पुटपुटले. मग म्हणाले, "हे बघ. मला उजेडात दिसत नाही. पण रोल चढवायचा अंधारात. तिथे तुला तरी कुठे दिसणार आहे? अंधारात आपण दोघं सारखेच, फक्त माझ्या हाताला सवय आहे. चढवायचं मी करतो. पाणी मोजायचं, ओतायचं, तू कर. आणि एकदा धुऊन पक्का झाला की स्कॅनला खुशाल तुझ्या लॅबमध्ये ने. निगेटिव्ह मागून घे म्हणजे झालं. धुतलेली फिल्म उजेडाला घाबरत नाही."

लेकीने जुनी, वाया गेलेली फिल्म आणून त्यांची परीक्षा घेतली. कधी चढली, कधी अडकली, पण अडकल्यावर त्यांनी सोडवली. शेवटी ती म्हणाली, "बरं." आवाजात विश्वास काही नव्हता, पण बरं म्हणाली.

दिवस रविवारचाच ठरला. लेकीने सकाळी आम्हा चौघांना धुऊन बाहेरच्या खोलीच्या खिडकीत उन्हात वाळत घातलं, कारण चक्री जरा जरी ओली असली तरी फिल्म तिला चिकटते. दुपारी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद, फटीला टॉवेल, दार बंद, दिवा बंद. मालकांनी बाटलीच्या ओपनरने रोलचं टोपण उडवलं. मी आयुष्यात पुष्कळ रोल पाहिले, पण असा आखडलेला नव्हता पाहिला. एवढी वर्षं गुंडाळलेला, सोडला की परत वळायचा. एकदा अडकला. काढला. पुन्हा अडकला. पुन्हा काढला. लेकीचा श्वास ऐकू येत होता. तिसऱ्यांदा फिल्म सरसर आत गेली. चक्री माझ्या पोटात उतरली, वर झाकण बसलं.

"झालं," मालक म्हणाले. "लाव दिवा."

आणि मला कळलं. नळी नाही! माझ्या पोटात चक्री हलत होती, मधे काही नव्हतं आणि झाकणाचं भोक सरळ रोलवर उघडत होतं. लेकीने आम्हाला आत आणताना नळी खिडकीतच ठेवली होती. तिला वाटलं असणार, हा तुकडा जास्तीचा. अहो, सगळ्यांना वाटतं! मी ओरडलो. पण डब्याचं ओरडणं कोण ऐकणार? तिचा हात बटणावर गेला, नख लागल्याचा आवाज आला.

मालकांनी मला उचललं, सवयीने, आणि मी खडखडलो.

"थांब!" एवढ्या मोठ्याने मालक पूर्वी कधी बोलले नव्हते. "हात काढ! नळी कुठे आहे?"

"कसली नळी?" आणि मग रडवेली, "अगं बाई! बाबा, ती खिडकीत..."

खिडकी बाहेरच्या खोलीत. दार उघडल्याशिवाय जाता येईना, दार उघडलं की उजेड. लेक रडायला लागली. मालकांनी अंधारातच अंगातला स्वेटर काढला, मला त्यात गुंडाळलं, वरून टॉवेल घेतला, खाली बसले आणि मला पोटाशी धरून सगळं अंग माझ्यावर वाकवलं. झाकणाच्या भोकावर छाती दाबली. म्हणाले, "जा. उघड, आण आणि ये. रडत बसू नकोस."

दार उघडलं. मला काही दिसलं नाही, फक्त त्यांचं काळीज ऐकू येत होतं, धाडधाड. मला त्यांनी कित्येकदा धरलंय, पण असं कवटाळलं नव्हतं. मला कळत होतं की ते मला नाही, ते बाईंना कवटाळत होते. तरी जुन्या डब्याला तेवढंही पुष्कळ.

दार लागलं, टॉवेल फटीत गेला, नळी हातात आली. मालकांनी अंधारात मला उघडलं, चक्री काढली, तिच्यात नळी सारली, परत बसवलं. झाकण लावून मला हलवलं, कान लावून ऐकलं. खडखड नाही.

"आता लाव."

पुढचं काम लेकीचं. ती पालथ्या बादलीवर बसली, मला मांडीवर घेतलं, डेव्हलपर ओतला आणि फोनवर वेळ लावली. मला उलटं केलं, सुलटं केलं आणि खाली टेकवताना दोनदा टकटक.

"हे तुला कोणी शिकवलं?" मालकांनी विचारलं.

"कोणी नाही. दाराबाहेर ऐकू यायचं."

तिने मला पुन्हा उलटंसुलटं केलं. मग मालक म्हणाले, "बोल काहीतरी. तुझी आई गप्प बसून कधी रोल धुवायची नाही."

"काय बोलू?"

"भांडणं नाहीत का ऑफिसात?"

होती की! भरपूर होती. आधी अडखळत, मग तोंड सुटलं तिचं. साहेबांनी कोणाची रजा नाकारली, मग कोण कोणाला काय म्हणालं, मग कोणी कोणाची खुर्ची लपवली. मालक मधे मधे "मग? मग?" करत होते. फोन वाजला तेव्हा दोघंही दचकली. मी मात्र इतक्या वर्षांनंतर वेळेवर रिकामा झालो.

फिक्सर झाला, पाण्याने धुऊन झालं. लेकीने झाकण उघडलं, फिल्म सोडवली आणि दिव्यासमोर धरली. मालकांना धीर धरवेना. "आलंय का गं?"

ती फिल्म एका टोकापासून सरकवत बघत राहिली.

"आलंय का? जे असेल ते सांग."

"बाहेरचे वेढे सगळे काळे झालेत, बाबा. मधलं करडं आहे, धुरकट. पण आहे. आई आहे." आणि मग तिचा बांध फुटला. मालक तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो आधी खांद्यावर पडला, मग डोक्यापर्यंत पोचला.

वाळल्यावर निगेटिव्ह लॅबमध्ये गेली, बोलीप्रमाणे. लॅबवाल्याने विचारलं म्हणे, "इतका जुना रोल धुतला कोणी? चांगला हात आहे." लेक म्हणाली, "वडिलांनी. त्यांना दिसत नाही." तो हसला, त्याला चेष्टा वाटली. पण स्कॅन त्याने मनापासून केला. यंत्राने कोरे म्हणून सोडलेले फोटो परत हाताने लावून काढले, आणि निगेटिव्ह व्यवस्थित कापून पाकिटात घालून परत दिली. मी लॅबवाल्यांबद्दल आयुष्यभर वाईट बोलत आलो, तेवढे शब्द मागे घेतो.

लेकीने फोटो मोठ्या टीव्हीवर लावले. बाई! बोटभर केस, गालाची हाडं वर आलेली, पालथ्या बादलीवर बसलेल्या आणि तोंड उघडं.

"दिसतंय, बाबा?"

मालक समोर बघत होते. समोर त्यांना नुसता करडा डाग. त्यांनी नजर बाजूला नेली, पण तिथे मोकळी भिंत, नजर घसरत होती, एका जागी ठरेना. वैतागून म्हणाले, "कुठे बघू तेच कळत नाही. काहीतरी काळं, ठसठशीत ठेव गं तिथे. ते दिसेनासं झालं की समजेन, नजर बरोबर जागी लागली."

लेकीने इकडे तिकडे बघितलं. मग मला उचलून टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवलं.

मालकांनी मान हळूच माझ्याकडे वळवली. थोडी पुढे, थोडी मागे. मग थांबली. त्यांचे डोळे थेट माझ्यावर होते, आणि मला ठाऊक होतं की मी त्यांना दिसत नाहीये.

"बोलतेय," ते म्हणाले. "तोंड उघडंच आहे ना?"

"प्रत्येक फोटोत, बाबा."

"मग तीच."

आता मी त्या फळीवरच असतो. माझ्यात यापुढे रोल धुतला जाईल असं वाटत नाही, आणि खरं सांगतो, माझीही इच्छा उरलेली नाही. कोणी पाहुणा आला आणि मला उचलून "हे काय, पेनं ठेवायचं का?" म्हणालाच, तर त्याला एवढंच सांगा की होता तिथे परत ठेव, बोटभरही इकडे तिकडे नको. कडा किती दिवस टिकतील ते डॉक्टरांना माहीत नाही, मला तरी कुठून असणार? पण रोज दुपारी मालक येऊन समोर बसतात, माझ्याकडे बघतात, मी हळूहळू नाहीसा होतो आणि बाई दिसायला लागतात.